विंचवाचे बिऱ्हाड आणि हिवाळा

माझा एक मावसभाऊ गेली बावीस वर्षे कॅनडात कॅलगरीला असतो. मागच्या दिवाळीत त्याने मला दीडशे पानांचे एक हस्तलिखित पाठवले. एका मोटारहोममधून, म्हणजे स्वयंपाकघर, पलंग आणि न्हाणीघर पोटात घेऊन फिरणाऱ्या गाडीतून, त्याने आणि त्याच्या पत्नीने ऐन जानेवारीत रॉकी पर्वतात केलेल्या तीन आठवड्यांच्या भ्रमंतीचे ते वर्णन. पुस्तक पुण्याहून निघणार, प्रस्तावना ‘दादा, तूच लिही’ अशी प्रेमळ आज्ञा. येवल्याच्या महाविद्यालयात पंचवीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला घरच्या घरी प्रस्तावना लिहायला मिळते तेव्हा तो नाही म्हणत नाही. मीही म्हटले नाही. पण ती प्रस्तावना अजून लिहून झालेली नाही, आणि ती का झाली नाही याचा शोध घेताना मराठी प्रवासवर्णनाविषयी जे सुचले, ते येथे मांडतो.

हस्तलिखित वाईट नव्हते. बॅन्फजवळचा वर्षभर उघडा असणारा गाड्यांचा तळ, लेक लुईसपासून जॅस्परपर्यंतचा सुमारे दोनशे तीस किलोमीटरचा हिमनद्यांच्या कडेने जाणारा रस्ता, त्यावर नोव्हेंबर ते मार्च सक्तीचे असलेले हिवाळी टायर, गुडघाभर बर्फातून केलेल्या पायपिटी, रस्त्यावरचे मीठ चाटायला उतरणाऱ्या मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या, पहाटे खिडकीच्या काचेपलीकडे उभे असलेले वापिती हरीण. माहिती नेमकी होती, भाषा स्वच्छ होती. तरी चाळीसएक पानांनंतर मला कंटाळा येऊ लागला आणि त्या कंटाळ्याचे कारण सापडेना.

पहिला संशय मी बर्फावर घेतला. मराठीत बर्फ म्हणजे रसवंतीच्या गाड्यावर भुसा झटकून फोडतात तोही आणि आकाशातून पिसासारखा उतरतो तोही. दोहोंना एकच शब्द. ‘हिम’ म्हटले की भाषा लगेच सोवळे नेसते. त्यामुळे आपला लेखक बर्फाच्या प्रदेशात गेला की ‘शुभ्र चादर’ आणि ‘कापसाचे ढीग’ यांवर त्याची बोळवण होते. पण हा दोष भाषेचा म्हणावा तर त्याच भाषेत थंडीसाठी केवढी श्रीमंती आहे! गारठा, कडाका, काकडणे, हुडहुडी, शिरशिरी, दहिवर, आणि कांद्या-द्राक्षांवर उतरून शेतकऱ्याची झोप उडवणारी धुई. आमच्या शेजारच्या निफाड तालुक्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर दरवर्षी पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि एखाद्या वर्षी द्राक्षबागेत दव गोठल्याची बातमी येते. ‘हीव’ हा आपला शब्द ‘हिम’ या शब्दाचाच प्राकृतातून आलेला वंशज, आणि ‘हिवाळा’ म्हणजे मुळात हिमकाल. बर्फ न पाहिलेल्या दख्खनच्या शेतकऱ्याच्या तोंडी बर्फाचा शब्द सहस्र वर्षे नांदतो आहे, फक्त त्याचा अर्थ अंगाला बोचणारा झाला आहे, डोळ्यांना दिसणारा नाही. भावाच्या पुस्तकात बर्फ दिसत होता, हीव भरत नव्हते. हे निदान मला तेव्हा पुरेसे वाटले. आता वाटत नाही.

या जानेवारीत तो सपत्नीक येवल्यास आला. पैठणीची खरेदी झाली, संक्रांतीचे तीन दिवस गच्चीवर गेले. (पतंगांच्या या वेडापायी पक्ष्यांचे गळे आणि पंख चिरणाऱ्या नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली बंदी घातली, तरी झाडांवर तो दर संक्रांतीनंतर लोंबताना दिसतोच. गावाचा अभिमान बाळगताना हेही सांगितले पाहिजे.) नंतर एका पहाटे आम्ही भाड्याच्या गाडीने तालुक्याच्या ईशान्येस ममदापूर-राजापूरच्या माळाकडे निघालो. २०१४ साली हा टापू काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. विस्तार सुमारे चोपन्न चौरस किलोमीटर. जंगल म्हणावे असे येथे काही नाही. पिवळे पडलेले गवत, बाभळी, वनखात्याने लावलेली झाडे, मध्येच गहू-हरभऱ्याची शेते. उन्हाळ्यात पाण्यासाठी काळविटे येथून रस्त्यावर येतात, कुत्र्यांच्या तावडीत सापडतात, कठडा नसलेल्या विहिरींत पडतात. थंडीत मात्र ती निवांत असतात.

विंचूर चौफुलीवर पहाटेच उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाड होते : पत्र्याची पेटी, हंडा, गोणपाटात गुंडाळलेली दोन पोरे, शेळी, आणि वर उलटी टाकलेली बाज. भावाने कॅमेरा काढला आणि पुन्हा ठेवून दिला. का, ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. माझ्या वर्गातली चार-पाच नावे दर दिवाळीनंतर हजेरीपटावर कोरी राहतात, ती याच ट्रॉल्यांतून गेलेली असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायकोचा ‘एक कोयता’ पाच-सहा महिने कारखान्याच्या कोपीत राहतो. थंडीच्या दिवसांत चाकांवर फिरणारे घर हे महाराष्ट्राला नवे नाही. २०२१ साली शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला नवी जीवनशैली म्हटले होते. आपल्या म्हणीत मात्र विंचू केव्हापासूनच बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतो आहे.

माळावर काळविटांचा कळप दिसला. एक काळा नर आणि बाराएक माद्या. आम्ही गाडीत होतो तोवर त्यांनी मानही वर केली नाही. भाऊ उतरला आणि दोन पावले टाकली मात्र, कळप उड्या घेत दूर गेला. भाऊ हळहळला, म्हणाला, ‘गाडीतच बसायला हवं होतं.’ ही गोष्ट जुन्या शिकाऱ्यांना चांगली ठाऊक होती. बैलगाडीला काळवीट भीत नाही, म्हणून संस्थानी काळात शिकवलेले चित्ते गाडीवर बसवूनच कळपाजवळ नेत. काळविटाला दिसे ते चाक, आत माणूस आहे हे त्याला उमगत नसे. आजचा वन्यजीव-पर्यटक सज्जन असतो, त्याच्या हाती बंदूक नसते, पण त्याच्या पाहण्याची रीत हीच असते. तो अदृश्य राहून पाहतो. म्हणून त्याच्या वर्णनात प्राणी भरपूर असतात आणि भेट एकही नसते. लीळाचरित्रातला सशाचा प्रसंग आठवावा. पारध्यांपासून पळणारा ससा चक्रधरांच्या आसऱ्याला येतो आणि पारध्यांशी बोलणे करून त्याला वाचवावे लागते. तेथे प्राणी, माणूस आणि शिकारी तिघेही एकमेकांना दिसतात. मराठीतली ही वन्यजीवाची बहुधा पहिली खरी नोंद, आणि तीही एका निर्वासन भटक्याच्या चरित्रात.

त्याच माळाच्या कडेला, एका कांद्याच्या रिकाम्या वावरात, धनगरांचा वाडा उतरला होता. वाघरीच्या जाळीत मेंढरे, घोडी बांधलेली, तीन दगडांची चूल. शेतमालकाशी ठरवून दोन रात्री मेंढरे बसवायची, खत त्याचे, धान्य-पैसे यांचे, मग पुढचे वावर. म्हातारबाबा बोलके होते. पहाटे लांडगा कोणत्या ओढ्याने आला आणि कुत्र्यांनी त्याला कुठवर नेला, हे त्यांनी फुफाट्यातले ठसे दाखवत सांगितले. बर्फातले ठसे वाचण्यावर भावाच्या पुस्तकात एक अख्खे प्रकरण आहे. हिवाळ्यात आमच्या वाटांवरचा मऊ फुफाटाही तितकाच इमानी असतो, हे त्याला त्या दिवशी कळले. मग त्याने बाबांना रॉकीतल्या मेंढ्यांचे फोटो दाखवले. बाबांनी शिंगांचे कौतुक केले आणि विचारले, ‘पर ही मेंढरं कोन्हाची?’ कुणाचीच नाहीत, असे भावाने सांगितले. बाबांना ते पटले नाही. ‘कोन्हाची तरी असतीलच की. इचारलं न्हाई का?’

हा प्रश्न मला त्या रात्री झोप लागू देईना. ‘विचारलं नाही का?’ दीडशे पानांत माझ्या भावाने कुणालाच काही विचारले नव्हते. विचारायची वेळच आली नव्हती. पाणी गाडीत, अन्न गाडीत, बिछाना गाडीत, वाट दाखवायला यंत्र गाडीत. जुन्या मराठी प्रवासवर्णनाचा सगळा जीव विचारण्यात आहे. गोडसे भटजी १८५७च्या धामधुमीतून हिंडतात, तेव्हा दर मुक्कामी कुणाच्या ओसरीवर उतरायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे असतो, आणि ‘माझा प्रवास’ वाचनीय झाला आहे तो बऱ्याच अंशी त्या ओसऱ्यांमुळे. गो. नी. दांडेकरांचा नर्मदेकाठचा परिक्रमावासी ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मध्ये भिक्षेवर चालतो. भिक्षा म्हणजे रोज एका अनोळखी दारापुढे उभे राहणे. इरावती कर्वे ‘वाटचाल’मध्ये वारीबरोबर चालतात आणि सोबतच्या बायांनी कशी पंगत मांडली, कोण कुणाबरोबर जेवले नाही, हे टिपतात, कारण त्या त्यांच्यातच जेवत असतात. परावलंबन हे प्रवासवर्णनाचे इंधन आहे, असे माझे आता मत झाले आहे. मोटारहोम ते इंधन काढून घेते आणि मग लेखकाला दृश्यांवर भागवावे लागते.

यावर कोणी म्हणेल की दोष वाहनाचा नाही. मान्य. अमेरिकेत स्टाइनबेक एक कुत्रा आणि गाडीवर बसवलेले घर घेऊन देशभर हिंडला, त्या गाडीला त्याने डॉन किहोतेच्या घोड्याचे नाव दिले, आणि १९६२ साली आलेले त्याचे पुस्तक माणसांनी भरलेले आहे. त्याने गाडीतल्या कॉफीचा उपयोगच अनोळखी माणसांना आत बोलावण्यासाठी केला. धनगराचा वाडाही घर सोबत घेऊनच हिंडतो, पण दर दोन दिवसांनी त्याला कुणाशी तरी सौदा करावा लागतो. बिऱ्हाड पाठीवर असूनही माणूस विचारता राहू शकतो.

यातून अध्यापक म्हणून मला एक गोष्ट सुचवायची आहे. आपल्या अभ्यासक्रमांत ‘प्रवासवर्णन’ हा एक कप्पा आणि ‘दलित-भटक्यांची आत्मकथने’ हा दुसरा. पहिल्यात ‘अपूर्वाई’, दुसऱ्यात लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’. १९८०च्या त्या पुस्तकात गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड टाकून एक कैकाडी कुटुंब गावोगाव जाते, प्रत्येक गावात कुठे उतरायचे, कुणाची परवानगी घ्यायची, पाणी कोण देईल, हे सोसत राहते. प्रवासाची एवढी बारीक नोंद मराठीत क्वचितच असेल. तरी त्याला आपण प्रवासवर्णन म्हणत नाही, कारण प्रवास म्हणजे हौस अशी आपली समजूत. हौस आणि सक्ती एकाच मापाने मोजावी असे मी म्हणत नाही. तसे करणे क्रूर होईल, ट्रॉलीतल्या त्या पोरांना ‘प्रवासी’ म्हणण्याइतके. मात्र दोन्ही पुस्तके एका तासाला शेजारी ठेवून वाचली तर विद्यार्थी स्वतःच विचारतात : याला पाणी कुणी दिले? त्याला पाणी मागावे का लागले नाही? मी यंदा हा प्रयोग करून पाहिला. ज्यांची नावे हजेरीपटावर कोरी असतात, त्यांच्यापैकी एक जण त्या तासाला हजर होता आणि तासभर तोच बोलला.

वन्यजीवनाच्या लेखनालाही हे लागू आहे. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात जाऊन राहिले. मारुती चितमपल्लींची तर वनखात्यातली सारी नोकरीच अरण्यात गेली. त्यांची पाखरांची नावे गोंडांच्या, ढीवरांच्या तोंडून आली आहेत, विचारून आलेली आहेत. आज नांदूर मध्यमेश्वरला (महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा म्हणून २०२०च्या जानेवारीत जाहीर झालेली) शनिवार-रविवारी मोठाल्या भिंगांची रांग लागते. लडाख-तिबेटकडून हिवाळ्यापुरता येणारा चक्रवाक तेथे दिसतो. त्याच्या रात्रीच्या विरहावर संस्कृत कवींनी केवढे काव्य रचले! भिंगवाल्यांना त्याचे इंग्रजी नाव पाठ असते. गोदावरीच्या फुगवट्यावर होडी वल्हवणाऱ्याला तो काय म्हणतो, हे विचारणारा विरळा.

आता भावाविषयी. वाड्यावरून परतल्यावर त्या रात्री जेवताना वहिनी सहज बोलून गेल्या की जॅस्परला पारा उणे तिशीवर गेला आणि गाडीची पाण्याची नळी गोठली. हीटरही बंद पडला. तेव्हा शेजारच्या गाडीतल्या एका वृद्ध जोडप्याने त्यांना दोन रात्री आपल्याकडे झोपवले. त्या आजींना मूळव्याध होती, आजोबा रात्रभर जुनी गाणी लावत, आणि वहिनींनी त्यांना मुगाची खिचडी करून घातली. मी चकित झालो. यातले एक अक्षर हस्तलिखितात नव्हते. ‘हे का लिहिलं नाहीस?’ असे विचारले तर भाऊ म्हणाला, ‘दादा, त्यात काय लिहायचं? ते फिरणं थोडंच होतं? ती तर अडचण होती.’

त्याला मी ते प्रकरण लिहायला सांगितले आहे. मूळव्याधीसकट. जोडप्याचे नाव त्याला आठवत नाही, वहिनींना आठवते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता, की तो लिहायला बसला आहे, पण बर्फाचे वर्णन करून झाल्याशिवाय पुढे सरकत नाही.