स्मृतीची तरतूद

दिवंगत सोबत्यांचे स्मरण मोटारसायकलींवरून करावे, ही कल्पना आपल्याकडे काहीशी विचित्र वाटेल. आपली मजल पुतळा, फार तर व्याख्यानमाला इथवर. अमेरिकेत मात्र व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये सुमारे २,५०० मोटारसायकली वॉशिंग्टनमध्ये आल्या. ‘रोलिंग थंडर’ नावाची ही फेरी युद्धकैदी व बेपत्ता सोबत्यांचा हिशेब शासनाकडे मागण्यासाठी होती. पुढे दरवर्षी ती पेंटॅगॉनच्या वाहनतळावरून निघून, ५८,००० हून अधिक नावे कोरलेल्या काळ्या भिंतीच्या परिसरात जात असे. इंजिनांचा तो गडगडाट दोन मिनिटांच्या शांततेहून कमी गंभीर, असे कोण म्हणेल?

२०१९ मध्ये ही वार्षिक फेरी थांबली. श्रद्धा आटली नव्हती; वाढता खर्च पेलेना, असे आयोजकांनी सांगितले. स्मारकाच्या दगडाचा खर्च सारेच धरतात, दरवर्षी एकत्र येण्याचा क्वचितच कोणी धरतो. आपल्या संस्थांतही पहिल्या स्मृतिदिनाला उदंड वर्गणी जमते; तिसऱ्या वर्षी हार कोणी आणायचा, हा प्रश्न पडतो. त्या पहिल्या वर्गणीतील थोडी रक्कम मुदत ठेवीत ठेवली, तर हाराची तरी सोय व्याजातून व्हावी.

वॉशिंग्टनची परंपरा २०२० पासून माजी सैनिकांच्याच ‘ॲमव्हेट्स’ या संघटनेने नव्या नावाने स्वीकारली.