हेल्मेट मेल्यावर

माझा बाप पाचव्या मजल्यावरून लिफ्टच्या डक्टमध्ये गेला. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं. कोरं. सिमेंटचा ठिपका नाही. घरून निघताना डोक्याला पंचा होता. तो रक्तानं भिजलेला पंचा मला विटांच्या ढिगाखाली सापडला.

म्हणजे बाप मेल्यावर त्याची सुरक्षा झाली. मग पंचनामा. मुकादम म्हणाला, "पिऊन आला असंल रं." पंचशील घेतलेला माणूस, दारूला शिवत नव्हता!

दोस्तांनो, मी हेल्मेटवर बोलत नाही, डक्टवर बोलतोय. त्या भोकावर चार फळ्या टाकायला किती पैसा लागतो? आधी पडायची जागाच बुजवायची. बुजत नसेल तर कठडा. तोही जमत नसेल तर खाली जाळी, कमरेला पट्टा, आणि पट्ट्याचा हूक अडकवायला भक्कम जागा. हेल्मेट सगळ्यात शेवटी. हे इंजिनिअर कॉलेजात शिकून येतो आणि साइटवर उलटं टांगतो. हेल्मेटपासून सुरू, हेल्मेटपाशीच खलास. कारण हेल्मेट मजुराच्या डोक्यावर, तर जबाबदारीपण त्याच्याच डोक्यावर. घातलं नाही, चूक त्याची. फळ्या मात्र मालकाला टाकाव्या लागतात.

29 जून 2019 ला पुण्यात कोंढव्याला भिंत कोसळली. 15 माणसं गेली, त्यांत पोरंही. बहुतेक बिहारची. वर सोसायटीची भिंत, खाली बांधकामाची जागा, आणि भिंतीच्या पायाशी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. एक घनमीटर ओली माती दीड टनाच्या पुढं भरते. असल्या भिंतीखाली कुणाला झोपवायचं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. पावसानं नाही ठरवलं. झोपलेल्या माणसानं हेल्मेट घालायचं होतं काय?

1996 ला बांधकाम मजुरांचा कायदा आला. बांधकाम खर्चाचा निदान एक टक्का उपकर मजुरांसाठी. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा नव्या संहितांच्या पोटात गेला. उपकर राहिला, 90 दिवसांची अटही राहिली. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला आणा, मग नोंदणी. ठेकेदार दाखला देत नाही. दिला तर हा माणूस माझ्याकडं होता हे कबूल होतं ना! ग्रामसेवक देऊ शकतो, पालिका देऊ शकते. पण नाक्यावरचा बिगारी एक दिवसाची मजुरी बुडवून त्या टेबलापाशी एकटाच उभा राहणार, आणि साहेब विचारणार, पुरावा?

आणि आपण कुठं आहोत? बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते, हे आपण घसा फोडून सांगतो. मीपण सांगितलंय. गेल्या 14 एप्रिलला आपल्याच मंडपाची कमान बांधायला पोरगं तीस फूट चढलं. बिनपट्ट्याचं. खाली आपण एकमेकांना जयभीम घालत उभे. वर बघितलं कुणी? मीही नाही बघितलं, अन् माझा तर बाप गेलाय.

सकाळी सातला नाक्यावर माणसं उभी असतात. वही घेऊन या. कोण, कुणाकडं, कुठल्या साइटवर, आजचा कितवा दिवस, रोज लिहायचं. उघडा डक्ट दिसला की फोटो काढायचा, माणूस पडायच्या आधी. मी वही केलीय. पहिल्या पानावर बापाचं नाव आहे. दिवसांचा रकाना रिकामा आहे, मुकादम सांगत नाही.