मुली शाळेत आल्या, तरी लग्नं लवकरच का? बांगलादेशात दिसणारं आपलंच चित्र

बांगलादेश 1975 पासून संयुक्त राष्ट्रांच्या ‘अल्पविकसित देशां’च्या यादीत आहे. या यादीतून त्याला बाहेर काढण्याचा ठराव महासभेने 2021 मध्ये केला आणि त्यासाठी 24 नोव्हेंबर 2026 ही तारीख ठरवली. 1971 च्या युद्धातून जन्मलेल्या, 1974 चा दुष्काळ सोसलेल्या देशासाठी ही लहान गोष्ट नाही. पण त्याच देशाचा दुसरा आकडाही बघायला हवा. 2019 च्या पाहणीत 20 ते 24 वयाच्या विवाहित-अविवाहित अशा सगळ्या तरुणी धरल्या, तर त्यातल्या 51 टक्के जणींचं लग्न 18 वर्षांच्या आत झालेलं होतं. म्हणजे दोघींपैकी एक.

गरिबी हटली की बाकीचं आपोआप सुधारेल, असं आपण नेहमी ऐकतो. आम्हीही वर्गात तसंच सांगत आलो. मग उत्पन्न वाढलं, पोरी शिकल्या, तरी लग्नाचं वय का अडून बसलं? हा प्रश्न फक्त ढाक्याचा नाही, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहितो आहोत.

आधी चांगलं काय झालं ते बघू. 1994 मध्ये बांगलादेश सरकारने ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलींसाठी देशभर शिष्यवृत्ती सुरू केली. सहावीला महिन्याला 25 टका, नववी-दहावीला 60 टका. रक्कम किरकोळच होती. अटी तीन: हजेरी 75 टक्के, परीक्षेत 45 टक्के गुण, आणि दहावीची परीक्षा होईपर्यंत लग्न करायचं नाही. शिवाय फी माफ. 1991 मध्ये माध्यमिक शाळांत सुमारे 11 लाख मुली होत्या, 2005 पर्यंत त्या 39 लाखांच्या आसपास गेल्या. गावोगावी गणवेशातल्या मुलींच्या रांगा दिसू लागल्या. ज्या समाजाबद्दल ‘हे लोक मुलींना शिकवत नाहीत’ असं सर्रास बोललं जातं, त्या समाजाने संधी मिळताच मुली शाळेत पाठवल्या. हे आपण छाती पुढे काढून सांगायला हरकत नाही.

पुढे कपड्याच्या कारखान्यांनी भर घातली. शिलाईच्या कामात थोडं वाचता-मोजता येणारी मुलगी लागते. त्यामुळे कारखान्यांच्या आसपासच्या गावांत आई-बापांनी मुलींना शाळेत जास्त वर्षं ठेवलं आणि लग्नंही उशिरा केली, असं अभ्यासकांना दिसलं. या कारखान्यांची दुसरी बाजूही विसरता येत नाही. 24 एप्रिल 2013 ला सावरची राणा प्लाझा इमारत कोसळली, 1,134 जीव गेले, त्यात बायका-मुलीच जास्त. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी सकाळी सगळ्यांना आत पाठवलं गेलं.

पण दहावीनंतर काय? ही शिष्यवृत्ती दहावीला संपायची आणि लग्नाचा बाजार तिथेच सुरू व्हायचा. बंगालच्या मुस्लिम समाजात जुन्या काळी मुलाकडच्यांनी द्यायची रीत होती. मुलीकडच्यांकडून घेण्याची रीत गेल्या पन्नास-साठ वर्षांत फोफावली. तिथे त्याला ‘जौतुक’ म्हणतात, आणि खेड्यांत सरळ ‘डिमांड’ हा शब्द चालतो. सायकलपासून मोटारसायकलपर्यंत आणि रोख रकमेपासून परदेशी नोकरीच्या खर्चापर्यंत सगळं ‘डिमांड’मध्ये बसतं. निकाहमध्ये मेहर मुलाने द्यायचा असतो, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. मेहर कागदावर लिहिला जातो, डिमांड मात्र हातात मोजून घेतली जाते.

यातला हिशेब नीट समजून घ्या. मुलीचं वय जितकं जास्त, तितकी डिमांड जास्त. पंधराव्या वर्षी जे स्थळ पन्नास हजारांत राजी होतं, ते अठराव्या वर्षी दुप्पट मागेल, अशी धास्ती बापाला असते. (हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.) मजुरी करणाऱ्या माणसाला तीन वर्षांत तेवढी बचत करता येत नाही. नदीने जमीन गिळली किंवा आईचं आजारपण निघालं, तर असलेलीही जाते. म्हणजे लवकर लग्न लावणारा बाप अडाणी असतोच असं नाही. तो हिशेब करतो आणि त्याचा हिशेब बरोबर निघतो. त्यातली चूक त्याच्या गणितात नाही, समोरच्याच्या मागणीत आहे.

कायदे झाले नाहीत असंही नाही. हुंडाबंदीचा कायदा 1980 मध्ये आला, 2018 मध्ये नवा आला. 2017 च्या बालविवाह कायद्यात मुलीचं वय 18 ठेवलं, पण ‘विशेष परिस्थिती’त कोर्टाच्या परवानगीने सूट देणारं कलमही घातलं. ग्रामीण बँकेने 1984 मध्ये कर्जदार बायकांसाठी सोळा निश्चय ठरवले, त्यात हुंडा देणार नाही, घेणार नाही हा एक. बायका तो बैठकीत एका सुरात म्हणत. पण घरी डिमांड आली की बैठकीतल्या शब्दांचं फार काही चालत नसे.

आम्हाला सगळ्यात विचारात पाडलं ते दक्षिण बांगलादेशातल्या एका प्रयोगाने. 2008 च्या सुमारास तो सुरू झाला. काही गावांत मुलींना सहा महिने प्रशिक्षण दिलं: आरोग्य, हक्क, आत्मविश्वास. काही गावांत वेगळं केलं. 15 ते 17 वयाची मुलगी अविवाहित असेल, तर तिच्या घराला दर चार महिन्यांनी स्वयंपाकाचं तेल द्यायचं, वर्षाला साधारण 16 लिटर. तेलच का? तर ते प्रत्येक घराला लागतं आणि भाव वाढला तरी त्याची किंमत कमी होत नाही. निकाल असा की तेल मिळालेल्या गावांत बालविवाह सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. नुसत्या प्रशिक्षणाने लग्नाच्या वयात फरक पडला नाही.

आम्ही शिक्षक लोक. जनजागृती, व्याख्यान, पालक मेळावा यांवरच आमचा भरवसा. त्यामुळे हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा खरं सांगायचं तर थोडं लागलं. 16 लिटर तेलाने कुणी श्रीमंत होत नाही. मग बाप थांबला कसा? आम्हाला वाटतं, तेलामुळे त्याला चारचौघांत सांगायला सबब मिळाली. ‘पोरगी घरात का ठेवली? काही दोष आहे का?’ असं विचारणाऱ्याला तो म्हणू शकला, ‘डबा मिळतोय, अजून वर्षभर थांबतो.’ गरिबाला पैसा कमी पडतो तसं लोकांना द्यायचं उत्तरही कमी पडतं.

आता आपल्याकडे बघू. महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 18 च्या आत लग्न झालेल्या तरुणींचं प्रमाण सुमारे 22 टक्के आहे. बांगलादेशपेक्षा बरंच कमी, पण समाधान मानावं असं नाही, आणि हे फक्त मुस्लिमांत होतं असंही नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलींचं दुःख कुणाला ठाऊक नाही?

आमच्या शाळेत दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या हजेरीपटावर दोन-तीन नावं गैरहजर दिसू लागतात. एका मुलीच्या घरी आम्ही गेलो होतो. पोरगी गणितात चांगली, दहावीत नक्की सत्तरच्या वर गेली असती. अम्मी म्हणाल्या, “सर, तुमचं सगळं खरंय. रिश्ता चांगला आहे, ते काही मागत नाहीत, फक्त लग्न लवकर हवं म्हणतात. दोन वर्षं थांबलो आणि पुढच्याने गाडी मागितली तर तुम्ही द्याल का?” आमच्याकडे कायद्याचं पत्रक होतं, सरकारी शिष्यवृत्तीची माहिती होती. या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. चहा पिऊन परत आलो.

त्या घरात मुलीला थांबवायला आम्ही गेलो. ज्या घरातून गाडीची मागणी येणार होती, तिथे आजपर्यंत कुणीही गेलेलं नाही. मुलाच्या बापाला जुम्याच्या नमाजनंतर बाजूला घेऊन ‘भाईजान, तुमच्या यादीत काय काय आहे?’ असं विचारणारा माणूस आमच्या मोहल्ल्यात आम्ही अजून पाहिलेला नाही. निकाहच्या वेळी काझीसाहेब मेहरची रक्कम सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतात. हॉलच्या मागच्या बाजूला उभ्या असलेल्या टेम्पोत फ्रिज, कपाट, पलंग भरलेला असतो, त्याबद्दल तोंड कुणीच उघडत नाही. त्या टेम्पोजवळून आम्हीही जेवायच्या रांगेकडे गेलो आहोत, एकदा नाही, कितीतरी वेळा.

या मे महिन्यात मोहल्ल्यात बरीच लग्नं ठरली आहेत. त्यातल्या दोन घरांतली मुलं आमचीच माजी विद्यार्थी आहेत, कमावते आहेत, सर म्हणून अजून सलाम करतात. यावेळी मुलीच्या घरी नाही, या दोघांच्या घरी जायचं आम्ही ठरवलं आहे. सोबत मशिदीच्या जमातीतले कोण कोण येतात, ते विचारतो आहोत. आतापर्यंत एक जण तयार झाला आहे.