पंक्ति नवी, सोंवळें जुनें

मोठ्या शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे एक नवा छंद शिरला आहे. दहावीस मंडळींनीं एकत्र यावें, वर्गणी ठरवावी आणि दर महिन्यास एखाद्या नव्या खानावळींत किंवा उपाहारगृहांत जाऊन तेथील पदार्थांची परीक्षा करावी, असें त्याचें स्वरूप आहे. शहरांतील प्रसिद्ध ठिकाणें संपलीं, कीं हीं भोजनमंडळें आडगांवच्या खानावळी शोधूं लागतात. छंद निरुपद्रवी दिसतो. आणि निरुपद्रवी दिसणाऱ्या गोष्टीविरुद्ध जो बोलतो तो अरसिक ठरतो. तो आरोप पत्करून आम्ही असें म्हणतों, कीं महाराष्ट्रानें शंभर वर्षें भांडून मिळविलेली एक गोष्ट हीं मंडळें नकळत हातची घालवीत आहेत. अनोळखी माणसाच्या शेजारीं बसून जेवण्याची संवय, ती ही गोष्ट होय.

ही संवय आपल्याकडे आपोआप आलेली नाहीं. १८४९ सालीं मुंबईंत निघालेल्या परमहंस सभेच्या सभासदास ख्रिस्त्यानें भाजलेला पाव खावा लागे, आणि तोहि दारें लावून. पुढें १८६० च्या सुमारास सभासदांचीं नांवें बाहेर फुटलीं आणि भीतीनें ती सभाच मोडली. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. त्या मंडळींत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. नांवें वर्तमानपत्रांत छापून येतांच शहरांत ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि रानड्यांसारख्या पुरुषानें १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. एका पेल्याची किंमत त्या काळीं एवढी होती! रत्नागिरीस सावरकरांनीं १९३३ सालीं सर्व जातींच्या हिंदूंसाठीं उपाहारगृह काढविलें. मुंबईंत अनंत हरि गद्रे यांनीं झुणकाभाकर सत्यनारायणाची प्रथा पाडून देवाच्या प्रसादालाच सहभोजनाचें रूप दिलें. अखेर २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें पंधराव्या कलमांत दुकानें, उपाहारगृहें व हॉटेलें यांचे दरवाजे सर्वांस उघडे केले, आणि १९५५ च्या कायद्यानें ते बंद करणें हा गुन्हा ठरविला.

तरीहि खेड्यापाड्यांतील चहाच्या हॉटेलांत अस्पृश्य मानलेल्या माणसाची कपबशी वेगळी राहिलीच. ज्यानें चहा प्यावा त्यानेंच ती विसळून ठेवावी, असा दंडक असे. १९७२ च्या सुमारास बाबा आढाव यांना ‘एक गांव एक पाणवठा’ ही चळवळ सुरू करावी लागली, यावरून कायदा आणि ओठ यांमध्यें किती अंतर होतें तें दिसून येतें. म्हणून हॉटेलांतलें तें साधें लांकडी बांकडें आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. कोणाच्या शेजारीं कोण बसेल हें ज्यावर आधीं ठरलेलें नसतें, अशी आपल्या समाजांतली ती जवळजवळ पहिलीच बैठक होय.

ह्या नव्या छंदाची कसोटी पाहण्यासाठीं आम्ही एक लहानसें गांव डोळ्यांपुढें आणतों. धाराशिव जिल्ह्यांत, परांडा तालुक्यांत सोनारी नांवाचें गांव आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथील काळभैरवनाथ अनेक घराण्यांचें कुलदैवत असून चैत्रांत त्याची यात्रा भरते. देवळाच्या परिसरांत वानरांचा मोठा वावर आहे, आणि तीं वानरें कोणाच्याहि हातचा प्रसाद त्याची जात न विचारतां घेतात. ह्या एका बाबतींत तीं आपल्या आजोबापणजोबांच्या पुष्कळ पुढें होतीं, असें म्हणणें भाग आहे. अशा गांवीं शहरी अर्थानें पाहण्यासारखीं उपाहारगृहें नसतात. चहाची टपरी, भज्यांची कढई, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि झणझणीत आमटी वाढणारी एखादी खानावळ, एवढाच तेथला थाट. परंतु यात्रेच्या दिवशीं त्याच बांकड्यावर नवस फेडावयास आलेला शेतकरी, एस.टी.चा वाहक, ऊसतोडीहून परतलेला मजूर आणि मुलाचें जावळ काढण्यास आलेलें शहरी कुटुंब गुडघ्यास गुडघा लावून बसतें. ह्यास म्हणावें भोजनमंडळ! त्याची वर्गणी नाहीं, नियम नाहींत, आणि सभासद कोण हें कोणीच ठरवीत नाहीं.

आतां समजा, शहरांतलें एखादें मंडळ ‘अस्सल मराठवाडी चव’ शोधीत तेथें उतरलें. आधीं निरोप गेलेला असेल. मालकानें दोन बांकडीं राखून ठेवलीं असतील, आणि जो मजूर एरवीं तेथें बसता तो बाहेर उभा राहून यांचें जेवण उरकण्याची वाट पाहील. मंडळी भाकरीचें छायाचित्र घेतील, आमटीस दहापैकीं गुण देतील, आपसांत हंसतील आणि गाडींत बसून निघून जातील. जिने पहांटे उठून पीठ मळलें तिचें नांव कोणी विचारणार नाहीं. जेवण उत्तम झालें असेल. पण सोनारीच्या एकाहि माणसाशीं त्यांचें बोलणें झालेलें नसेल. पूर्वीं पंक्तिभेद जातीनें होत असे. येथें तो ओळखीनें, मिळकतीनें आणि राहणीनें झाला. सोंवळ्याचा मुकटा गेला, सोंवळें राहिलें.

यावर आम्हांस दोन उत्तरें मिळतील. पहिलें हें कीं, जिभेच्या निर्मळ सुखांत तुम्ही समाजकारण कशास कालवतां? आमचें म्हणणें असें कीं, तें कालवणारे आम्ही नव्हे. ज्या देशांत कोणी कोणाच्या हातचें पाणी प्यावें याचे निर्णय धर्मपीठांनीं दिले, त्या देशांत जेवण हें केवळ जिभेचें सुख कधींच नव्हतें. पैठणच्या एकनाथांनीं श्राद्धाचें अन्न अस्पृश्यांस वाढलें ही कथा आपण मुलांस कौतुकानें सांगतों. ती पाककौशल्याची कथा म्हणून खासच सांगत नाहीं.

दुसरें उत्तर अधिक वजनाचें आहे. ह्या मंडळांमुळें गरीब खानावळवाल्यास चार पैसे मिळतात, आणि शहरांत एकट्या पडलेल्या माणसास सोबत मिळते, असें सांगण्यांत येईल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु पैसा पोंचतो म्हणून मान पोंचतो असें नाहीं. मुंबईच्या गिरणगांवांत हजारों कामगार ज्या बायांच्या हातच्या डब्यांवर जगले, त्या बायांस पैसा रोजच मिळत होता. तरी त्यांस पतपेढीचें दार आणि कष्टकरी म्हणून ओळख मिळण्यासाठीं प्रेमाताई पुरव यांना १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ उभारावें लागलें. राहिला प्रश्न सोबतीचा. ज्यांचें शिक्षण, पगार आणि मतें आपल्यासारखींच आहेत अशा दहाजणांत बसल्यानें एकटेपणा घटकाभर विसरतो, इतकेंच. आरशापुढें जेवणारा माणूसहि एकटा दिसत नाहीं.

तेव्हां अशा मंडळांत जाऊंच नये, असें आम्ही म्हणतों काय? मुळींच नाहीं. जावें, आणि कुटुंबासह जावें. मात्र वर्गणी भरण्यापूर्वीं वाचकांनीं आपल्या मंडळास कांहीं प्रश्न रोखठोक विचारावे. सभासदांच्या यादींत आपल्या वस्तीबाहेरचीं, आपल्या जातीबाहेरचीं किती आडनांवें आहेत? आपल्या घरीं स्वयंपाकास येणाऱ्या बाईस ह्या पंक्तींत एकदां तरी पाहुणी म्हणून बोलाविलें आहे काय? खानावळींत गेल्यावर बांकडीं राखून ठेवण्याऐवजीं तेथें बसलेल्यांस ‘जरा सरकतां का?’ असें विचारून त्यांच्यांतच बसण्याची आपली तयारी आहे काय? आणि पदार्थांस गुण देण्याआधीं तो रांधणाऱ्या हातांची चौकशी आपण करणार आहों काय?

ह्या प्रश्नांनीं मंडळ मोडत असेल, तर तें मोडलेलेंच बरें. न मोडतां त्यांतून सुधारलें, तर परमहंस सभेनें दारें लावून जें केलें तें हें मंडळ भर यात्रेंत, दिवसाढवळ्या करूं शकेल. आणि मग सोनारीच्या भाकरीस दहापैकीं किती गुण द्यावे, हा वाद त्यांनीं खुशाल घालावा. शेजारीं कोण बसणार हें जेथें आधींच ठरलेलें असतें, तेथें भोजन होतें. सहभोजन होत नाहीं.