बांधावरची बाभूळ आणि वैशाखातील पाखरे

रब्बीची मळणी आटोपून रान मोकळे झाले की वैशाखात बांध पेटविण्याची आणि बांधावरील बाभळी उतरविण्याची आमच्या देशावरील गावांतून एकच घाई उडते. ज्या शेतकरी बंधूंचा तसा विचार असेल, त्यांनी कुऱ्हाड उचलण्यापूर्वी एक सबंध दिवस, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत, आपल्याच बांधावर बसून काढावा अशी आमची विनंती आहे.

उन्हाळी नांगरट चालू असेल तर पाहावयास लांब जावे लागत नाही. नांगर बैलांचा असो वा ट्रॅक्टरचा, त्याच्यामागून गायबगळे व साळुंक्या चालतात. कोतवाल बाभळीच्या शेंड्यावरून झेप घेऊन उडता किडा धरतो आणि पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसतो. ही पाखरे ढेकळांतून काय वेचतात, हे नीट पाहावे. पावसाची वाट पाहत भुईत पडलेले हुमणीचे भुंगेरे त्यांत असतात, तसेच हरभऱ्यावरील घाटेअळीचे तपकिरी कोषही असतात. या कोषांतून निघणारा पतंग रात्री उडतो व त्याची एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते. तेव्हा हुप्प्याने आपली लांब वाकडी चोच खुपसून एक कोष काढला, तर पुढील हंगामातील किती अळ्या वाचल्या याचा हिशेब वाचकांनीच करावा.

दुपारी पाखरे सावलीस जातात. फुलपाखरे या दिवसांत थोडीच. ती पाटाच्या ओल्या मातीवर, रुईपाशी नाहीतर लिंबाच्या रोपांवर भेटतात. रुईवरील तांबूस फुलपाखराची अळी रुईचाच पाला खाते, तिचे आपल्या पिकाशी वैर नाही. लिंबावरील काळ्या-पिवळ्या फुलपाखराची गोष्ट निराळी. त्याची लहान अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे नजरेतून सुटते, आणि रोपांची पाने फस्त करते. ती हातानेच वेचावी. सरकारने २०१५ साली राणी पाकोळीस राज्य फुलपाखराचा मान दिला; तिची अळीही लिंबाच्याच जातीच्या झाडांवर पोसते, ही एक मौज.

वळवाचा पहिला पाऊस पडला म्हणजे हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेस बाहेर निघून कडुनिंब, बाभूळ व बोर यांवर पाला खावयास जमतात. यावरून कित्येक असा युक्तिवाद करतात की, झाडच किडीचे घर आहे, ते तोडलेलेच बरे. हा युक्तिवाद आम्हास मुळीच मान्य नाही. झाड तोडल्याने भुंगेरा मरत नाही. तो शेजाऱ्याच्या झाडावर जेवतो आणि अंडी आपल्या रानात घालतो. झाड जवळ असले तर फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकता येतात. शिवाय पिंगळा आपला वाटा रात्रभर उचलतच असतो.

बाभळीच्या सावलीने ज्वारीच्या दोन ओळी खुरटतात, ही तक्रार मात्र खरी आहे. त्यास खालच्या फांद्या छाटणे हा उपाय आहे. सर्वच पाखरे उपकारी आहेत असेही आम्ही म्हणत नाही. वेडा राघू मधमाश्या खातो. आणि ज्याच्या पेरूच्या बागेत पोपटांचा थवा उतरला, त्याला पक्षिप्रेमाचा उपदेश कोणी करू नये. तथापि ज्या शेताच्या बांधावरील उभी झाडे आपण पाडतो, त्याच शेतात पुढे हरभऱ्यावर अळी पडली म्हणजे पाखरांना बसावयास काठ्यांचे पक्षीथांबे रोवावे लागतात, यास काय म्हणावे?

मुख्य अडचण वेळेची आहे. कोतवालाचे घरटे फांदीच्या बेचक्यात, वेड्या राघूचे बीळ बांधाच्या दरडीत, टिटवीची अंडी उघड्या ढेकळांत, ही सर्व याच महिन्यांत असतात, आणि आपली कुऱ्हाड व आगकाडीही याच महिन्यांत निघते. पीकपाहणीच्या नोंदवहीत पाखरांसाठी रकाना नाही; यास्तव प्रत्येकाने घरच्या वहीत तो आखावा, आणि कोणते पाखरू, कोणत्या झाडावर, चोचीत काय, एवढेच त्यात टिपावे. हे टिपण झाल्यावरही एखादे झाड काढावयाचेच ठरले, तर ते दिवाळीनंतर काढावे. बांध मात्र पेटवू नये. गवत कापून गुरांस घालावे.