"हात लावू नको" एवढंच पुरेसं नाही

शिक्षक मित्रांनो, पालकहो, सुट्टीत मुलांना घेऊन युरोपला जाताय? स्लोव्हेनियातील पोस्तोयना गुहा यादीत असेल, तर आधी घरीच दहा मिनिटं भूगोल शिकवा.

सुमारे २४ किलोमीटर लांबीच्या या गुहेत १८७२ पासून पर्यटकांसाठी रूळ आहेत. छोट्या रेल्वेतून आत जायला मुलांना मजा येतेच. पण खरा धडा आहे तो लवणस्तंभांचा. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडीत मुरतं, चुना विरघळवतं आणि थेंबाथेंबाने गुहेत पुन्हा साठवतं. एक सेंटीमीटर वाढायला साधारण शंभर वर्षं लागतात! आपल्या बोटांचं तेल लागलं की तिथे चुना नीट बसत नाही, वाढ खुंटते.

फ्रान्समधली लास्को ही चित्रांची गुहा तर पर्यटकांच्या श्वासानेच बिघडू लागली. शेवटी १९६३ मध्ये ती सर्वांसाठी बंद करावी लागली.

नुसतं "हात लावू नको" म्हटलं, तर मूल आपली नजर चुकवून हात लावतंच. कारण कळलं, की तेच मूल दुसऱ्याला थांबवतं. मला वाटतं, सहलीतून घरी आणायची खरी वस्तू हीच. बघा, पटतंय का?