सगळंच 'कट'!

मराठीत कांदा चिरतात, गाजर किसतात, खोबरे खवतात, मेथी निवडतात, मटार सोलतात आणि खिसा कापतात. व्याकरणाच्या मास्तरांनी हे शिकवले नाही. आई विळीवर बसली की आपोआप कानांवर पडले. हल्ली स्वयंपाकाच्या कार्यक्रमांत मात्र जे दिसेल ते 'कट' करतात, मग 'ॲड' करतात आणि शेवटी 'मिक्स' करतात. अहो, ताक घुसळतात, कढी ढवळतात, वरण घोटतात, कोशिंबीर कालवतात, कणीक मळतात! एकदा कणीक घुसळून पाहा, म्हणजे क्रियापदाचे महत्त्व मनगटाला कळेल.

तीच गत कपड्यांची. सदरा घालावा, फेटा बांधावा, शाल पांघरावी, गजरा माळावा आणि साडी नेसावी. आता साडीसुद्धा 'घालतात'. घालणे म्हणजे डोके आत खुपसले, दोन हात बाहेर काढले, काम संपले. नेसण्यात निऱ्या आहेत, पदर आहे, आणि "आटपलं का?" म्हणून बाहेर ताटकळणारा नवराही आहे.

"बाबा, अर्थ पोचला ना? मग झालं तर!" इति आमचे चिरंजीव.

पोचला, पण निम्माच. प्रत्येक क्रियापदात एक हत्यार असते, हाताचे एक वळण असते आणि ते वळण गिरवण्यात गेलेली कुणाची तरी वर्षे असतात. दहा कामांना एकच शब्द लावला की दहाही कामे सारखीच सोपी वाटू लागतात. "दिवसभर घरात काय करतेस?" हा प्रश्न अशाच डोक्यातून निघतो.

मी पडलो बी. कॉम. झालेला बँकेतला कारकून. पण आमच्याकडेही पैसे भरतात, काढतात, ठेव मोडतात, चेक वटतो. "कर्जाचं काय ते केलं" असे कुणी सांगितले, तर मॅनेजरसाहेब एवढे तरी विचारतीलच, की फेडलं का बुडवलं?

दोन वर्षे व्यवहार झाला नाही, की बँकेतले खाते निष्क्रिय होते. दहा वर्षांनी त्यातली शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते. पण तिथून निदान अर्ज करून ती परत तरी मिळते. उद्या 'खवणे' परत हवे झाले, तर कुठल्या खिडकीवर कुठला फॉर्म भरायचा?